जनरल जगन्नाथराव भोसले : एक उपेक्षित सेनानी

मुंबईत मंत्रालयाच्या परिसरात, नरिमन पॉइंटच्या बाजूस, जनरल जगन्नाथ भोसले मार्ग या नावाचा एक रस्ता आहे. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानची भव्य वास्तू याच मार्गावर उभी असल्याने साहित्यिक संमेलने, परिसंवाद आणि नाट्यप्रयोग यांच्या निमंत्रणपत्रिकांवर हे नाव नित्य छापले जाते. सीमाभागातून कामानिमित्त मुंबईस जाणाऱ्या मराठी माणसालाही हा पत्ता परका नाही. तथापि हे जनरल भोसले कोण, ते कोणत्या सेनेचे जनरल होते, असा प्रश्न केला असता समाधानकारक उत्तर देणारा विरळा. नाव सर्वतोमुखी आणि चरित्र कोणासच ठाऊक नाही, असे भाग्य म्हणावे की दुर्भाग्य, हे ज्याचे त्याने ठरवावे.

जगन्नाथराव कृष्णराव भोसले यांचा जन्म १९०६ साली सावंतवाडी संस्थानातील तिरोडे या गावी झाला. सावंतवाडीचे सावंत-भोसले हे दक्षिण कोकणातील जुने राजघराणे. गोव्याचे पोर्तुगीज, कोल्हापूरचे छत्रपती आणि पुढे कंपनी सरकार अशा बलाढ्य शेजाऱ्यांच्या कचाट्यात या छोट्या संस्थानाने आपले अस्तित्व टिकवून धरले. जगन्नाथराव याच कुळातील. त्यांच्या तरुणपणी गादीवर असलेले बापूसाहेब महाराज म्हणजे पाचवे खेमसावंत. हे स्वतः पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या रणभूमीवर मराठा पलटणीत राहून आले होते. कोकणातील गावोगावच्या घरांतून मुलगे पलटणीत भरती होत. परंतु ते शिपाई म्हणून जात आणि फार झाले तर सुभेदार होऊन परतत. अधिकारपद गोऱ्यांसाठी राखलेले होते. ती भिंत नेमकी जगन्नाथरावांच्या पिढीत प्रथम खिळखिळी झाली.

पहिल्या महायुद्धातील हिंदी सैनिकांच्या पराक्रमाची भरपाई म्हणून सॅन्डहर्स्टच्या राजकीय लष्करी विद्यालयात दरसाल दहा जागा हिंदी तरुणांना मिळू लागल्या. त्यांची पूर्वतयारी व्हावी यासाठी १९२२ साली डेहराडून येथे प्रिन्स ऑफ वेल्स रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेज निघाले. संस्थानिकांच्या व जहागीरदारांच्या घरांतील, तसेच राजनिष्ठ समजल्या जाणाऱ्या कुटुंबांतील मुले तेथे घेत. राजघराण्याशी असलेला संबंध जगन्नाथरावांना या दारापर्यंत घेऊन गेला यात शंका नाही. पुढचा मार्ग मात्र गुणांवरच आक्रमावा लागे. डेहराडूनहून ते सॅन्डहर्स्टला गेले आणि १९२८ साली त्यांना सम्राटाची सनद, म्हणजे किंग्ज कमिशन, मिळाले.

त्या काळची एक पद्धत येथे सांगितली पाहिजे. सनद मिळालेल्या हिंदी अधिकाऱ्यास प्रथम वर्षभर गोऱ्या पलटणीत काढावे लागे आणि नंतर हिंदी पलटणीत नेमणूक होई. परंतु ती कोणत्याही पलटणीत होत नसे. १९२३ साली सरकारने आठ पलटणी निवडल्या आणि हिंदी अधिकारी एवढ्यांतच राहतील असा दंडक घातला. कारण उघड होते. कोणा गोऱ्या कनिष्ठ अधिकाऱ्यास काळ्या वरिष्ठाच्या हाताखाली काम करण्याचा प्रसंग येऊ नये. या आठांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी ‘रॉयल’ पलटण होती आणि हैदराबाद रेजिमेंटचीही एक पलटण होती. जगन्नाथराव मराठा पलटणीत गेले. हैदराबादच्या पलटणीत कोडगूचा एक तरुण अधिकारी होता, त्याचे नाव थिमय्या. कोल्हापूरजवळच्या वडगावचे शंकरराव थोरात हेही १९०६ सालीच जन्मलेले आणि सॅन्डहर्स्टमधूनच निघालेले. या तिघांची आयुष्ये एकाच वळणाने सुरू झाली होती, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर हिंदी सैन्याचा झपाट्याने विस्तार झाला आणि पूर्वी ज्यांना कंपनीपलीकडे नेतृत्व मिळत नव्हते त्यांच्याकडे पलटणी येऊ लागल्या. जगन्नाथराव लेफ्टनंट कर्नल झाले. मलायातील युद्धाच्या अखेरीस ते गढवाल रायफल्सच्या पाचव्या पलटणीचे अधिपती होते. हिंदी अधिकाऱ्यांत एवढा हुद्दा त्या वेळी फारच थोड्यांना लाभला होता.

मलायाचे युद्ध अवघे दहा आठवडे चालले. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी सैन्य कोटा भारू येथे उतरले. तेथील विमानतळाच्या रक्षणाला निजामाच्या फौजेची पहिली हैदराबाद इन्फन्ट्री होती, हे या भागातील वाचकांना आवर्जून सांगावेसे वाटते. कारण बिदर आणि गुलबर्गा हे जिल्हे तेव्हा त्याच राज्याचे भाग होते. पुढे माघार, पुन्हा माघार असा क्रम लागला. जानेवारी १९४२ मध्ये मुआर नदीकाठी जी लढाई झाली, तीत पंचेचाळिसाव्या हिंदी ब्रिगेडची धूळधाण उडाली. गढवाल्यांची पाचवी पलटण याच ब्रिगेडमधील. जवान बहुतांशी नवखे होते, जंगलातील युद्धाचे शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते आणि मूळ तयारीही वेगळ्याच रणभूमीसाठी झालेली होती. मागे राहिलेल्या हिंदी व ऑस्ट्रेलियन जखमींची पारित सुलोंग येथे जपान्यांनी कत्तल केली. ज्या पलटणीचे अवशेष हाताशी धरून जगन्नाथराव सिंगापुरात होते, तिच्या वाट्याला हे सारे आले होते. पुढील घटनांचा निवाडा करताना ही पार्श्वभूमी विसरून चालत नाही.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी जनरल पर्सिव्हल यांनी यामाशिता यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. दोनच दिवसांनी हिंदी युद्धकैद्यांना गोऱ्या अधिकाऱ्यांपासून वेगळे काढून फॅरर पार्क या मैदानात गोळा करण्यात आले. सुमारे ४५ हजार माणसे होती. कर्नल हंट या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांना जपान्यांच्या स्वाधीन केले आणि यापुढे त्यांचीच आज्ञा पाळावी असे सांगितले. त्यानंतर जपानी मेजर फुजिवारा आणि कॅप्टन मोहनसिंग यांची भाषणे झाली. हिंदुस्थानच्या मुक्तीसाठी स्वतंत्र सेना उभारण्याची घोषणा तेथेच झाली.

या मैदानावर उभ्या असलेल्या सनदधारी अधिकाऱ्यांची मनःस्थिती कशी असेल? सामान्य जवानापेक्षा त्यांचा पेच अधिक बिकट होता. त्यांनी सम्राटाशी इमान राखण्याची शपथ घेतलेली. दुसरीकडे ज्या साम्राज्यासाठी ही शपथ, त्याचे प्रतिनिधी त्यांना गुराढोरांप्रमाणे शत्रूच्या हवाली करून निघून गेलेले. क्लबात प्रवेश नाही, पगारात भेद, बढतीत भेद, हे अपमान तर मनात साचलेलेच होते. मुक्तिदाता म्हणून समोर उभा ठाकलेला जपानीही विश्वासार्ह नव्हता. चीनमध्ये त्याने काय केले हे जगजाहीर होते, आणि मुआरच्या काठी काय केले हे ऐकून माहीत झाले होते. शिवाय मोहनसिंग हुद्द्याने कॅप्टन. सेनेत ज्येष्ठतेला केवढे महत्त्व असते हे जाणणाऱ्यांना कळेल की, लेफ्टनंट कर्नल भोसले आणि लेफ्टनंट कर्नल गिल यांच्यासारख्यांनी एका कॅप्टनच्या आधिपत्याखाली जाणे ही साधी गोष्ट नव्हती. जगन्नाथराव सेनेत सामील झाले, ते पहिल्या आवेशात नव्हे. परंतु एकदा आत आल्यावर त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

सप्टेंबर १९४२ मध्ये पहिली आझाद हिंद सेना रीतसर उभी राहिली. गांधी, नेहरू आणि आझाद अशी नावे दिलेल्या तीन गनिमी तुकड्या आणि त्याखेरीज हिंदुस्थान फील्ड फोर्स नावाचे नियमित दल, अशी तिची रचना होती. या नियमित दलाचे नेतृत्व जगन्नाथरावांकडे आले. परंतु वर्ष संपण्यापूर्वीच घर फिरले. सेनेला बरोबरीचे मित्र मानण्यास जपानी तयार नाहीत, ही गोष्ट मोहनसिंगांना उमगली. दोन्ही बाजूंचा बेबनाव विकोपाला गेला आणि २९ डिसेंबर १९४२ रोजी जपान्यांनी मोहनसिंगांना अटक केली. आपल्याला पकडल्यास सेना विसर्जित समजावी, अशी व्यवस्था मोहनसिंगांनी आधीच करून ठेवली होती. गिल त्यापूर्वीच कैदेत पडले होते.

जगन्नाथरावांच्या जीवनातील सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत वादग्रस्त पर्व येथून सुरू होते. सेना मोडली तर हजारो जवान पुन्हा कैदी होणार. जपान्यांच्या हातात त्यांचे काय होईल ते सांगता येत नव्हते. ती टिकवावी तर मोहनसिंगांच्या त्यागावर पाणी टाकल्याचा आणि जपान्यांपुढे नमल्याचा ठपका माथी येणार. वयोवृद्ध क्रांतिकारक रासबिहारी बोस सेना वाचविण्याची खटपट करीत होते. जगन्नाथरावांनी त्यांच्या बाजूने उभे राहण्याचा निर्णय घेतला. १९४३ च्या आरंभी सेनेची नवी घडी बसविण्यात आली आणि लष्करी विभागाचे संचालक म्हणून सर्वोच्च जबाबदारी जगन्नाथरावांवर सोपविण्यात आली. महंमद झमान कियानी, शहानवाझ खान, प्रेमकुमार सहगल, हबीबुर रहमान ही पुढे गाजलेली मंडळी याच रचनेत निरनिराळ्या पदांवर आली. ज्यांना राहायचे नव्हते ते बाहेर पडले. मोहनसिंगांच्या काही अनुयायांनी जगन्नाथरावांना क्षमा केली नाही, आणि त्यांच्या बाजूने पाहता ते स्वाभाविकही होते.

तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे. २ जुलै १९४३ रोजी सुभाषबाबू सिंगापुरात आले, तेव्हा त्यांच्या स्वागताला एक शिस्तबद्ध, संघटित सेना उभी होती. ५ जुलैला नगरभवनासमोरील मैदानात तिने त्यांना मानवंदना दिली. जर्मनीत त्यांनी जमविलेले दल लहान होते आणि मायभूमीपासून फार दूर होते; येथे मात्र ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर नेण्याजोगी फौज तयार होती. नेताजींच्या आगमनापूर्वीचे ते सहा-सात महिने सेना विरून गेली असती, तर पुढचा इतिहास घडला असता काय? नेताजींच्या तेजापुढे हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ज्याने घर सांभाळले त्याचे नाव मागे पडते आणि ज्याने त्यात दिवा लावला त्याचे उरते, हा जगाचा न्याय आहे.

२१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापूरच्या कॅथे चित्रगृहात आझाद हिंद सरकारची स्थापना झाली. सेनेचे प्रतिनिधी म्हणून मंत्रिमंडळात ज्या अधिकाऱ्यांचा समावेश झाला, त्यांत जगन्नाथराव होते. सर्वोच्च सेनापतिपद स्वतः नेताजींकडे आणि चीफ ऑफ स्टाफ हे पद जगन्नाथरावांकडे, अशी वाटणी होती. यथावकाश त्यांना मेजर जनरलचा हुद्दा मिळाला. नोव्हेंबरात टोकियो येथे बृहत्तर पूर्व आशियाची परिषद भरली, तेव्हा नेताजींसमवेत गेलेल्या निवडक मंडळींत जगन्नाथरावांप्रमाणेच हैदराबादचे आबिद हसन हेही होते. हे तेच आबिद हसन, जे नेताजींबरोबर पाणबुडीतून आले आणि ‘जय हिंद’ या अभिवादनाशी ज्यांचे नाव जोडले जाते. कोकणचा एक भोसले आणि निजामाच्या राजधानीतील एक मुसलमान तरुण एकाच पथकात टोकियोला जातात, ही आझाद हिंद सेनेची खरी शोभा होती.

चीफ ऑफ स्टाफ म्हणजे काय, हे नागरी वाचकाला नीट कळत नाही आणि त्यामुळे जगन्नाथरावांच्या कार्याचे मोलही कळत नाही. लढाई जिंकणारा लोकांना दिसतो. त्याला दाणागोटा, कपडे, काडतुसे, औषधे, माणसे आणि हुकूम वेळेवर पोचविणारा दिसत नाही. आझाद हिंद सेनेत तर हे काम अक्षरशः असाध्य होते. रसद आणि वाहने जपान्यांच्या मर्जीवर अवलंबून. मलायातील रबराच्या मळ्यांतून भरती झालेले तामिळ मजूर, ज्यांनी बंदूक कधी हाती धरली नव्हती, त्यांचे शिक्षण. नाना प्रांत, नाना भाषा, नाना धर्म यांची माणसे एकाच चुलीवर जेवू घालण्याची धडपड. १९४४ च्या इम्फाळ मोहिमेत शहानवाझ आणि कियानी आघाडीवर होते. मोइरंग येथे तिरंगा फडकला. त्यानंतर पावसाळा, उपासमार, हिवताप आणि माघार. या मोहिमेत जगन्नाथरावांच्या वाट्याला रणांगणावरचे नेतृत्व आले नाही. म्हणून पराक्रमाच्या कथांत ते नाहीत आणि पोवाड्यांतही नाहीत.

आता त्या दुसऱ्या दोघांची आठवण करू. जानेवारी-फेब्रुवारी १९४५ मध्ये आराकानच्या किनाऱ्यावर कांगॉ येथे घनघोर लढाई झाली. एक्कावन्नाव्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे अधिपती हिंदी होते : थिमय्या, थोरात आणि सेन. तिघांनाही डी. एस. ओ. हा मानाचा किताब मिळाला. थिमय्या हैदराबाद रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे, थोरात दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे. ते जपान्यांशी लढत होते आणि जगन्नाथराव जपान्यांच्या बाजूस होते. थिमय्यांचे थोरले बंधू पोनप्पा तर प्रत्यक्ष आझाद हिंद सेनेतच होते. एकाच कोडगू घरातील दोन मुलगे दोन बाजूंना! यांतील देशभक्त कोण आणि द्रोही कोण, असा सवाल करणाऱ्याने आधी स्वतःला सिंगापूरच्या त्या मैदानात उभे करून पाहावे. स्वतंत्र भारताने दोघांनाही आपले म्हटले. परंतु दोघांना सारखे वागविले नाही. थिमय्या सरसेनापती झाले. थोरात पूर्व विभागाचे सेनापती झाले आणि चिनी संकटाचा इशारा देणारे द्रष्टे म्हणून महाराष्ट्राने त्यांना गौरविले. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांना मात्र स्वतंत्र भारताच्या लष्करात परत स्थान मिळाले नाही. शिस्तीच्या दृष्टीने दोन शपथांची माणसे एका बराकीत नांदू शकणार नाहीत, असे सेनाधिकाऱ्यांचे म्हणणे होते आणि सरकारने ते मान्य केले. त्या निर्णयाला तर्क होता. परंतु त्याचा भार कोणी सोसला हेही सांगितले पाहिजे.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण गेला. सिंगापूर सोडून नेताजी बँकॉकला आले; जगन्नाथराव तेथेच होते. १७ ऑगस्टला नेताजी सायगावकडे निघाले आणि दुसऱ्याच दिवशी तैहोकूच्या विमान-अपघाताचा प्रसंग घडला. मागे राहिलेल्यांच्या नशिबी शरणागती आणि कैद होती. जगन्नाथरावांना अटक होऊन ते मायदेशी कैदी म्हणून परतले.

दिल्लीच्या लाल किल्ल्यात नोव्हेंबर १९४५ मध्ये शहानवाझ, सहगल आणि धिल्लन यांच्यावर खटला उभा राहिला. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख. साऱ्या देशात आगडोंब उसळला. भुलाभाई देसाईंनी बचाव केला, पंडित नेहरूंनी कित्येक वर्षांनी बॅरिस्टरचा झगा चढविला. ३ जानेवारी १९४६ रोजी जन्मठेपेची शिक्षा माफ होऊन तिघे मोकळे झाले आणि घराघरांत त्यांची छायाचित्रे लागली. हुद्द्याने या तिघांहून वरिष्ठ असलेले जगन्नाथराव त्या पिंजऱ्यात उभे नव्हते; पुढे त्यांची मुक्तता झाली, ती गाजावाजा न होता. खटला न होणे हे व्यक्तीच्या दृष्टीने भाग्य, पण कीर्तीच्या दृष्टीने हानीच ठरली.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ साली, जगन्नाथराव काँग्रेसतर्फे उत्तर रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून आले आणि केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीने उखडून टाकलेल्या लाखो लोकांना घर, धंदा आणि शाळा देण्याचे हे खाते. निर्वासितांच्या वसाहतींतील मुले पाहून त्यांच्यातील सेनाधिकारी अस्वस्थ झाला. आईबाप गमावलेली, दंगलींत नको ते पाहिलेली, छावणीत रांगा लावून वाढलेली ही मुले. त्यांना ओरडून किंवा छडी उगारून शिस्त लागणार नव्हती. १९५४ साली दिल्लीच्या लाजपतनगरातील कस्तुरबा निकेतन या निर्वासित स्त्रिया व मुले यांच्या आश्रयस्थानात जगन्नाथरावांनी एक प्रयोग सुरू केला. कवायत, व्यायाम, समूहगीते, राष्ट्रगीताचे शुद्ध गायन आणि देशाच्या इतिहासातील कथा, असा त्याचा साधा आराखडा होता. थोड्याच काळात मुलांत फरक दिसू लागला आणि राष्ट्रीय शिस्त योजना या नावाने ती देशातील शाळांत पसरली. शिक्षक घडविण्यासाठी राजस्थानात अलवरजवळ सरिस्का येथे प्रशिक्षणाची सोय झाली. पुढे ही योजना शिक्षण मंत्रालयाकडे गेली, तरी तिचे सूत्रधार जगन्नाथरावच राहिले.

सिंगापुरातल्या रबर-मजुरांना त्यांनी सैनिक केले होते. आता निर्वासित मुलांना नागरिक करण्याचा प्रयत्न होता. पहिल्या कार्यास शत्रूच्या कृपेची अट होती, दुसऱ्यास नव्हती. त्यामुळे हे दुसरे कार्य त्यांना अधिक समाधान देऊन गेले असावे असे मानण्यास जागा आहे. शाळेत लष्करी वळण नको, असे म्हणणारे शिक्षणतज्ज्ञही होते आणि त्यांचा आक्षेप सर्वस्वी फोल म्हणता येणार नाही. परंतु त्या मुलांसाठी दुसरे कोणी काही करीत नव्हते, हेही तितकेच खरे.

राजकारणात मात्र त्यांना फार काळ स्थान राहिले नाही. १९५६ साली भाषावार राज्यरचना झाली, आपले बिदर व गुलबर्गा हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि तिकडे संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने मराठी मुलूख पेटून उठला. १९५७ च्या निवडणुकीत कोकणात काँग्रेसची धूळधाण झाली. रत्नागिरीतून प्रेमजीभाई आसर आणि राजापुरातून बॅरिस्टर नाथ पै निवडून आले. त्या लाटेत दिल्लीच्या सत्तेत असलेल्या मराठी माणसाकडे आपल्याच लोकांनी पाठ फिरविली. आझाद हिंद सेनेचा चीफ ऑफ स्टाफ ही ओळख त्या धामधुमीत कोणाला आठवण्याचे कारण नव्हते.

विस्मृतीचे आणखी एक कारण ग्रंथप्रेमी वाचकांना विशेष जाणवेल. मोहनसिंग, शहानवाझ, धिल्लन, कियानी, कॅप्टन लक्ष्मी या सर्वांच्या आठवणी ग्रंथरूपाने उपलब्ध आहेत. जनरल थोरातांचेही आत्मचरित्र आहे. फडताळात जगन्नाथरावांची जागा मात्र रिकामी आहे. मोहनसिंगांची बाजू मोहनसिंगांनी मांडली. १९४३ च्या त्या निर्णयाची जगन्नाथरावांची बाजू त्यांच्याच शब्दांत वाचावयास मिळत नाही, आणि त्यामुळे इतिहासकार त्यांच्याविषयी लिहितात ते बहुधा इतरांच्या साक्षीवरून.

१९६३ साली, सत्तावन्न वर्षांच्या वयात, जगन्नाथरावांचे निधन झाले. चिनी आक्रमणानंतर देशात शिस्त आणि सज्जता यांची भाषा सर्वत्र सुरू झाली होती, त्याच सुमारास ती भाषा प्रथम बोलणारा गेला. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीने शाळांतील निरनिराळ्या शारीरिक शिक्षण योजनांचे एकत्रीकरण सुचविले होते. त्यानुसार १९६५ साली राष्ट्रीय शिस्त योजना नव्या राष्ट्रीय सुदृढता दलात विलीन झाली आणि कालांतराने तिचे शिक्षक राज्य सरकारांकडे वर्ग झाले. १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले, त्यात आझाद हिंद सेनेच्या सैनिकांचाही समावेश झाला. सावंतवाडीत जगन्नाथरावांच्या नावाचे एक उद्यान आहे. सायंकाळी तेथे मुले खेळतात.